तारापूरच्या काचेची धार

तारापूरची अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली. त्याच्या काही वर्षे आधीपासूनच ट्रॉम्बेला वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढले जात होते, आणि मागे उरलेले तीव्र किरणोत्सारी आम्लद्रावण टाक्यांत साठत होते. ते बोरोसिलिकेट काचेत कोंडायचे, असे भाभा अणुसंशोधन केंद्राने ठरवले आणि १९८०च्या दशकात तारापूरला काचीकरणाचा कारखाना उभा राहिला. फ्रान्सने मार्कूलला हे काम १९७८ मध्ये सुरू केले होते. आपण फार मागे नव्हतो, याचा मला अभिमान वाटतो.

या वाटचालीत काचेच्या दाटपणाबद्दल, म्हणजे श्यानतेबद्दल, फारसे कुणी बोलले नाही. कस मात्र तिथेच लागला. तारापूरच्या धातूच्या भट्टीखालची नळी गोठलेल्या काचेनेच बंद असते. नळीभोवतीचे वेटोळे तापवले की बूच वितळते आणि पोलादी डब्यात लाल धार पडू लागते. गार हवा सोडली की पुन्हा बूच बसते. काच दाट झाली तर धारच लागत नाही, आणि फार पातळ झाली तर ती भट्टीला खाते. आच वाढवून भागत नाही. धातूची भट्टी सुमारे हजार अंशांच्या फार पुढे टिकत नाही, शिवाय सीझियम उडून जाते. जाड शिसेयुक्त काचेआडून यांत्रिक हातांनी तुंबलेली नळी मोकळी करायची म्हणजे महाकठीण काम. म्हणून दाटपणाचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

सिलिका आणि अॅल्युमिना वाढले की काच दाट होते. सोडियम आणि बोरॉन तिला पातळ करतात. दाटपणाचे तापमानाशी असलेले नाते फोगेल, फुल्चर आणि टामान यांनी १९२०च्या दशकात सूत्रात बांधले. पण ते सूत्र आपल्या कचऱ्याला जसेच्या तसे लावून चालत नाही. ट्रॉम्बेच्या द्रावणात सल्फेट होते. ते साध्या काचेत मुरत नाही, पिवळा थर होऊन वर येते आणि पाण्यात विरघळते. त्यासाठी बेरियमची काच घडवली गेली, आणि २००२ मध्ये ट्रॉम्बेचा कारखाना सुरू झाला. पुढे तारापूरला सिरॅमिक भट्टी आली. तिथे काचेतूनच वीज वाहते, त्यामुळे दाटपणासोबत वीजवहनाचाही हिशेब आला. रुथेनियम आणि पॅलेडियमचे न विरघळणारे कण तळाशी बसून काच घट्ट करतात, आणि तिथे नुसत्या रासायनिक घटकांवरून बांधलेला अंदाज चुकतो.

आज संगणक हजारो मिश्रणे क्षणात तपासू शकतो. तरी नवी रचना किरणोत्सार नसलेल्या नकली कचऱ्यासह आधी वितळवून, त्यात दांडा फिरवून दाटपणा मोजल्याशिवाय खऱ्या भट्टीत जाऊ देऊ नये.