लॅटिनच्या लेकी – भाग ६ : ठराव झाला, भाषा गेली

मागच्या भागात आपण रुमानियनपाशी थांबलो होतो. तिथून पश्चिमेला, एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या क्रोएशियात आणि थोडी माँटेनेग्रोत, लॅटिनची आणखी एक लेक नांदत होती. तिचं नाव दाल्मेशियन. नकाशावर ती इटालियन आणि रुमानियन यांच्या मधे होती, आणि वळणानेही दोघींच्या मधलीच. तिच्याविषयी काहीही वाचायला घेतलं की एक तारीख हमखास भेटते : १० जून १८९८. त्या दिवशी क्रक बेटावर तुओने उदाइना हा म्हातारा रस्त्याच्या कामावरच्या स्फोटात गेला आणि त्याच्याबरोबर भाषाही गेली, असं सांगितलं जातं. तारीख खरी आहे. पण ती शेवटच्या पानावरची आहे. ही भाषा गावागणिक मरत गेली, आणि प्रत्येक गावात तिच्या मरणाचं कारण थोडं वेगळं होतं.

सुरुवात सलोनापासून करू. रोमन साम्राज्यातल्या दाल्मेशिया प्रांताची ही राजधानी सातव्या शतकाच्या पूर्वार्धात आवार आणि स्लाव टोळ्यांच्या हल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. लोक जवळच्या डायोक्लेशियन बादशहाच्या जुन्या राजवाड्यात शिरले आणि त्याच्या तटांच्या आत घरं थाटून राहिले. तेच आजचं स्प्लिट. दक्षिणेला एपिदाउरमहून पळालेल्यांनी रागुझा, म्हणजे आजचं दुब्रोव्हनिक, वसवलं अशी परंपरा आहे. झादर, त्रोगिर, राब, क्रक ही गावंही अशीच तटाच्या किंवा पाण्याच्या आडोशाने तगली. दहाव्या शतकात बायझँटिन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने या गावांची नावं नोंदवली आहेत, आणि तिथल्या रहिवाशांना तो ‘रोमन’च म्हणतो. बाहेरचा मुलूख तोवर स्लाव झाला होता. गावांचा एकमेकांशी संबंध समुद्रमार्गे तेवढा. त्यामुळे एकच एक दाल्मेशियन अशी कधी नव्हतीच. प्रत्येक गावाची आपापली बोली होती.

बोली कशी होती? क्रकवरचे आकडे पाहा : योइन, दोइ, त्रा, क्वात्रो, चेंक, सी, साप्तो, ग्वाप्तो, नू, दिक. ‘साप्तो’ वाचून मराठी वाचकाला आपला ‘सप्त’ आठवणारच. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, तेव्हा नातं आहे. पण ते इतकं सरळ नाही. मूळ लॅटिन शब्द ‘सेप्तेम’. त्यातल्या ‘ए’चा ‘आ’ पुढे याच बेटावर झाला. लॅटिन ‘ओक्तो’चं मात्र ‘ग्वाप्तो’ झालं, म्हणजे ‘क्त’च्या जागी ‘प्त’ आला. रुमानियनमधला ‘ओप्त’ मागच्या वेळी आपण पाहिला होता. ही त्याच घराण्याची खूण. आणखी एक गंमत म्हणजे रात्रीच्या जेवणाला बसणं याला लॅटिनमध्ये ‘केनारे’ म्हणत. इटालियनमध्ये त्या ‘क’चा ‘च’ झाला. क्रकवर शेवटपर्यंत ‘केनूर’ होतं. सिसेरोच्या काळचा ‘क’ त्या एका बेटावर एकोणिसाव्या शतकात ऐकू येत होता.

आता रागुझाकडे वळू, कारण या भाषेला राज्याचं पाठबळ मिळालं असेल तर ते इथेच. रागुझा हे व्यापारावर गबर झालेलं प्रजासत्ताक. सिनेट होती, मोठा जहाजांचा ताफा होता, काटेकोरपणे राखलेलं दफ्तर होतं. लुक्का शहरातून आलेले फिलिपो दे दिवेर्सिस हे तिथल्या शाळेचे प्रमुख होते. १४४० च्या सुमारास त्यांनी लिहून ठेवलं आहे की, इथली माणसं भाकरीला ‘पेन’, वडिलांना ‘तेता’ आणि घराला ‘केसा’ म्हणतात. परक्या इटालियन माणसाच्या कानाला ही बोली खटकली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

पण तोपर्यंत गावात दुसरी भाषा शिरली होती, आणि ती हल्ला करून आली नव्हती. व्यापारासाठी, कामधंद्यासाठी डोंगरापलीकडची स्लाव माणसं गावात येत होती. १३४८ च्या प्लेगने गावं ओस पडल्यावर त्यांची गरजही वाढली. घरातली मोलकरीण स्लाव, दाई स्लाव, पुढे सूनही स्लाव. पोरांच्या तोंडी पहिला शब्द कोणता आला असेल हे वेगळं सांगायला नको.

१४७२ साली सिनेटने ठराव केला : सभागृहातली चर्चा जुन्या रागुझी भाषेतच व्हावी, स्लाव भाषेत बोलायला मनाई. असा ठराव करावा लागतो याचाच अर्थ सभासद तोवर सभागृहातही स्लाव बोलू लागले होते. त्याचा उपयोग झाला नाही. कवी एलियस लांप्रिडियस चेर्व्हा यांचा जन्म १४६३ चा. आपल्या लहानपणी काही म्हातारे ही भाषा बोलत, अशी आठवण ते लिहितात. १५५१ साली मारिन द्रझिच यांचं ‘दुंदो मारोये’ हे गाजलेलं विनोदी नाटक रागुझाच्या सभागृहाच्या वास्तूत रंगलं, आणि त्याची भाषा स्लाव होती. ठराव होऊन ऐंशी वर्षंही झाली नव्हती.

उत्तरेकडच्या गावांची कथा वेगळी. १४०९ साली नेपल्सचा राजा लादिस्लाउस याने दाल्मेशियावरचे आपले हक्क एक लाख डुकाटांना व्हेनिसला विकले. पाठोपाठ व्हेनिसचे अधिकारी आणि व्यापारी आले. त्यांची भाषाही लॅटिनचीच लेक, म्हणजे कानाला जवळची आणि वर प्रतिष्ठेची. झादरसारख्या ठिकाणी जुनी बोली तिच्यात विरघळून गेली.

क्रक तेवढं उरलं. व्हेनिसने इटालियनमध्ये या बेटाला वेल्या म्हटलं, म्हणून तिथल्या बोलीला वेल्योत म्हणतात. बेट व्हेनिसकडे उशिरा, १४८० साली गेलं. इथे सिनेट नव्हती की ठराव नव्हते. तरी रागुझातली बोली गेल्यावर वेल्योत आणखी तीनशेहून जास्त वर्षं टिकली. माझ्या मते याचं कारण बेटाच्या साधेपणात आहे. रागुझाची श्रीमंती चारी दिशांनी माणसं ओढून आणत होती. क्रकला तेवढं कोण येणार? आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकराकडे जाणारी साखळी तिथे सावकाश तुटली.

ती तुटली कशी, हे उदाइनाच्या बालपणात जवळून दिसतं. त्याची स्वतःची भाषा व्हेनेशियन. घरातली मोठी माणसं आपसांत, खाजगी बोलायचं असलं की वेल्योत वापरायची, आणि हे पोर ऐकत राहायचं. थोडक्यात, ज्या भाषेचा तो शेवटचा बोलणारा ठरला ती त्याच्याशी कोणी मुद्दाम बोललंच नव्हतं.

१८९७ साली मात्तेओ बार्तोली हा तरुण अभ्यासक त्याच्याकडे गेला. उदाइनाने सत्तरी ओलांडली होती. कानाला कमी ऐकू येत होतं, तोंडात दात नव्हते, आणि सुमारे वीस वर्षांत तो ही भाषा कोणाशी बोलला नव्हता. तरी त्याने शब्द सांगितले, गोष्टी सांगितल्या, स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगितले. बार्तोलीने जवळपास २,८०० शब्द टिपले. बोळक्या तोंडातून आलेले उच्चार आणि व्हेनेशियनची सरमिसळ यामुळे या साहित्यावर विसंबताना भाषाशास्त्रज्ञ आजही सावध असतात. आंतोनिओ इवे यांनी १८८० च्या दशकात केलेली नोंद ताडून पाहायला हाताशी आहे, हे बरं. बार्तोलीचा ग्रंथ १९०६ साली व्हिएन्नात जर्मन अनुवादाच्या रूपात निघाला. मूळ इटालियन हस्तलिखित हरवलं. म्हणून २००० साली तो जर्मनमधून पुन्हा इटालियनमध्ये आणावा लागला.

क्रोएशियन भाषेने मात्र काही जपलं आहे, आणि तेही कोणी न सांगता. जहाजाच्या डोलकाठीला तिथे ‘यार्बोल’ म्हणतात. हा लॅटिनचा ‘आर्बोर’, म्हणजे झाड. ब्राच बेटावर सुपेतार आणि सुतिव्हान ही गावं आहेत; त्यांतले ‘सु’ आणि ‘सुत’ म्हणजे लॅटिनचा ‘सांक्तुस’, अर्थात संत. एकेकाळी एपिदाउरम असलेल्या गावाचं आजचं नाव त्साव्हतात, आणि ते ‘किविताते’ म्हणजे नगर या शब्दावरून आलं. कोळी, खलाशी आणि गावकरी यांच्या तोंडी असलेलं टिकलं.

दोन्ही गावं शेजारी ठेवली की हिशेब स्पष्ट होतो. रागुझाने भाषा सभागृहात राखायचा प्रयत्न केला, तेव्हा ती पाळण्याजवळून उठून गेली होती. क्रकने राखण्याचा प्रयत्नच केला नाही, आणि मोठी माणसं पोरांशी ती बोलत होती तोवर ती तगली. म्हणून भाषेची प्रकृती विचारायची तर तिच्यात किती ठराव होतात हे पाहू नये; तिच्यात लहान मुलांना किती रागावलं जातं ते पाहावं.

पुढच्या आठवड्यात : रायगड जिल्ह्यातलं कोर्लई. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, पण त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली चहूबाजूंनी मराठी असूनही तिथल्या ख्रिस्ती घरांत अजून बोलली जाते. ती कशी टिकली, ते पाहू.