लघुउद्योगातील ई-मेल साठवण : नियोजन व अंदाजपत्रक

पुणे-नगर रस्त्यावरील खराडी हे पूर्वी हवेली तालुक्यातील शेतीचे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. आज तेथे ईऑन आयटी पार्कसारखी संकुले आणि मोठ्या गृहरचना संस्था उभ्या आहेत. परिसरातील रोपवाटिकाधारक, भाजीपाला उत्पादक गट व प्रक्रिया उद्योजक यांच्या दृष्टीने ही हाताशी असलेली बाजारपेठ आहे. मात्र कंपन्यांशी होणारा व्यवहार तोंडी चालत नाही. दरपत्रक, खरेदी आदेश, बीजक हे सर्व ई-मेलने येते व जाते.

कांदा चाळीची क्षमता न पाहता कांदा काढला तर उरलेला माल उघड्यावर पडतो. ई-मेलच्या पेटीचेही तसेच आहे. पेटी भरली की नवीन पत्र आत येत नाही. ते पाठविणाऱ्याकडे परत जाते आणि आपणास त्याची वार्ताही नसते. मागणी हुकल्याचे कळते तेव्हा ती दुसऱ्याकडे गेलेली असते. म्हणून साठवणीचे नियोजन आधीच करावे.

जागा कशाने भरते?

जीमेल २००४ साली सुरू झाले तेव्हा १ जीबी जागा मिळत असे. वैयक्तिक मोफत खात्यास सर्वसाधारणपणे १५ जीबी जागा मिळते; परंतु ती केवळ पत्रांसाठी नसते. गूगल ड्राइव्हमधील कागदपत्रे आणि गूगल फोटोजमधील छायाचित्रे त्यातच मोजली जातात. १ जून २०२१ पासून छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद झाली. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा राखीव साठाही आता याच जागेत धरला जातो. म्हणजे घरातील लग्नाच्या चित्रफितींमुळे धंद्याची पेटी भरू शकते. यासाठी घरगुती व व्यवसायाचे खाते वेगळे ठेवावे.

नुसत्या मजकुराचे पत्र फार जागा घेत नाही. जागा खातात ती जोडपत्रे. पत्रातून जाताना जोडपत्राचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हेही हिशेबात धरावे.

गरजेचा ताळेबंद

विहिरीच्या पाण्याचा ताळेबंद मांडतो तसाच हा मांडावा. उदाहरणार्थ, एका रोपवाटिकेत रोज ३० पत्रे येतात-जातात असे समजू.

१) साधी पत्रे २०, प्रत्येकी ५० केबी : १ एमबी
२) जोडपत्राची पत्रे १०, प्रत्येकी २ एमबी, वाढीसह : सुमारे २७ एमबी
३) एकूण रोज : २८ एमबी
४) वर्षात ३०० दिवस काम धरून : सुमारे ८.४ जीबी

१५ जीबीपैकी ४ जीबी आधीच वापरात असेल, तर उरलेले ११ जीबी सुमारे पंधरा महिने पुरतील. मात्र रोपांची छायाचित्रे लहान करून जोडपत्राची सरासरी अर्ध्या एमबीवर आणल्यास वर्षाची गरज सुमारे २.३ जीबीवर येते. तेवढीच जागा मग साडेचार वर्षांहून अधिक पुरते. अधिक जागा विकत घेण्यापूर्वी हा बिनखर्ची उपाय करावा.

काय ठेवावे, काय काढावे?

वस्तू व सेवा कराच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीस कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके व त्यासंबंधीची प्रमाणके ८ आर्थिक वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे खरेदी आदेश, बीजके व पैसे मिळाल्याची पत्रे वर्षवार वेगळी लावावीत. जाहिराती, जुनी दरपत्रके व दुबार छायाचित्रे दर तिमाहीस काढून टाकावीत. जीमेलमध्ये काढलेले पत्र ३० दिवस कचरापेटीत राहते व तोपर्यंत जागा अडवते. म्हणून खात्री करून कचरापेटीही रिकामी करावी.

अंदाजपत्रक

निरनिराळ्या कंपन्यांचे दर वेगळे असतात व ते बदलतात. खालील दर केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

१) दोन खाती, दरमहा प्रत्येकी १५० रु. : वर्षास ३,६०० रु.
२) त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर : ६४८ रु.
३) स्वतःच्या नावाचा इंटरनेट पत्ता, करासह : १,००० रु.
४) बाह्य हार्ड डिस्क ५,००० रु., आयुष्य ५ वर्षे धरून : १,००० रु.
५) एकूण : ६,२४८ रु.
६) दरवाढीसाठी १० टक्के तरतूद : ६२५ रु.
७) एकंदर वार्षिक खर्च : ६,८७३ रु.

खाती माणसांच्या नावाने न काढता ‘विक्री’ व ‘हिशेब’ अशी कामाच्या नावाने काढावीत. कामगार सोडून गेला तरी पत्रव्यवहार धंद्याकडेच राहतो व खात्यांची संख्याही मर्यादित राहते. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून निर्णय घेऊ नये. नूतनीकरणाचा दर विचारावा.

घ्यावयाची काळजी

• जागा ७० टक्के भरताच छाटणी करावी. ९० टक्क्यांपर्यंत थांबू नये.
• दर तिमाहीस पत्रांची प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी व ती उघडते का ते पाहावे. संगणकावर दिसणारी पेटी म्हणजे प्रत नव्हे. एका जागी काढलेले पत्र दुसरीकडूनही जाऊ शकते.
• गूगलची वैयक्तिक खाती दोन वर्षे न वापरल्यास बंद करून त्यातील मजकूर काढला जाऊ शकतो. हंगामी धंद्याच्या खात्यात अधूनमधून प्रवेश करावा.
• सांकेतिक शब्द एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता मालकाकडे लेखी व सुरक्षित असावा.

येत्या आठवड्यात आपल्या पेटीत किती जागा वापरली गेली आहे ते पाहून वहीत तारखेसह लिहावे. महिन्याने पुन्हा पाहावे. दोन आकड्यांतील फरक हीच आपली खरी मासिक गरज होय, आणि अंदाजपत्रकाची सुरुवात तेथूनच करावी.