खिडकी उघडायची की बंद ठेवायची?

जून महिना उजाडला, की शाळेत वेळापत्रक लागतं आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत कुरबुरी पोहोचू लागतात. समजा, नववीच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीनंतरचे सलग दोन तास हवे आहेत आणि गणिताच्या सरांनाही नेमके तेच. मुख्याध्यापक काय करतील? सेवाज्येष्ठता पाहून सरांच्या बाजूनं निकाल देतील. एक आठवडा सर, एक आठवडा बाई अशी वाटणी करतील. किंवा ‘बघू नंतर’ म्हणून विषय टाळतील. पहिल्यात एक जण दुखावतो, दुसऱ्यात दोघंही अर्धपोटी राहतात आणि तिसऱ्यात तेच भांडण शिक्षकखोलीत मुरत राहतं.

याहून वेगळी वाट मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या अमेरिकन विदुषींनी दाखवली. शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीतल्या लोकांसाठी खुल्या करण्याचं काम त्यांनी बॉस्टनमध्ये केलं होतं, त्यामुळे माणसांचे मतभेद त्यांनी जवळून पाहिले होते. १९२५ साली एका व्याख्यानात त्यांनी स्वतःचाच अनुभव सांगितला. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका छोट्या खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली. तिथं कोणी बसलेलं नव्हतं. ही तडजोड नव्हे. बाईंना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता, एवढंच. समोरच्या व्यक्तीला खोलीत मोकळी हवा पाहिजे होती. ती याच खिडकीतून यावी असा काही आग्रह नव्हता. खिडकी अर्धी उघडली असती, तर दोघंही कुरकुरत बसले असते.

आता आपल्या वेळापत्रकाकडे वळू. ‘कोणते तास हवेत?’ याऐवजी ‘तेच का हवेत?’ असं विचारलं, तर बाई सांगतील, की साहित्य मांडायला सुट्टीचा वेळ मिळतो. सर म्हणतील, की शेवटच्या तासांना मुलं पेंगतात. म्हणजे एकाला ताजी मुलं हवीत, दुसऱ्याला मांडणीसाठी वेळ. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतच नाहीत! प्रयोग शेवटच्या दोन तासांना ठेवले आणि त्याआधीचा तास बाईंना मोकळा दिला, तर दोघांचंही काम होतं. हातानं काही करताना मुलं सहसा पेंगत नाहीत. (शेवटचे तास खेळाचे असतील, तर खेळाच्या सरांना आधी विचारावं, नाहीतर तिसरंच भांडण उभं राहील.)

हे ‘का’ चारचौघांत मात्र सहज निघत नाही. सभेत माणूस एकदा मागणी बोलून बसला, की ती सोडणं म्हणजे हार वाटते. म्हणून मुख्याध्यापकांनी आधी दोघांशी वेगवेगळं बोलणं बरं. आम्ही संशोधक मंडळी यात शहाणी आहोत, असं मुळीच नाही. एकाच उपकरणाच्या वेळेवरून आमच्याकडेही महिनामहिना अबोला चाललेला आम्ही पाहिला आहे.

‘सगळे एकत्र चहा घ्या, म्हणजे मिटेल’ हा उपायही फार लोकप्रिय. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात बावीस मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर मुलांनी एकमेकांवर अन्नच फेकलं. बंद पडलेला पाणीपुरवठा मिळून दुरुस्त करणं अशी कामं पुढ्यात आली, तेव्हा कुठं वैर ओसरू लागलं. अर्थात हे वैर संशोधकांनीच भडकवलं होतं, आणि १९५३ च्या आधीच्या प्रयत्नात तर मुलं भांडेनात म्हणून प्रयोग सोडून द्यावा लागला होता. त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

प्रत्येक वाद असा सुटत नाही, हे फॉलेटबाईंनीही मान्य केलं होतं. वडिलोपार्जित घरात दोन्ही मुलांना राहायचं असेल, तर शेजारची खिडकी कुठून आणणार?

आणि काही तक्रारी ‘वाद’ या सदरात बसतच नाहीत. शिक्षकानं मुलाला मारलं, तर दोघांच्या गरजा शोधत बसायचं नसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट तर शाळेत बसून मिटवणं हाच गुन्हा ठरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना द्यावीच लागते, आणि हाताखालच्या माणसानं केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.