न लिहिलेल्या स्वरांचे व्याकरण

नेफर्तीती हे नाव म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे: ‘सुंदरी आली आहे.’ १९१२ साली अमार्नाला सापडलेला आणि आता बर्लिनमध्ये असलेला या राणीचा अर्धपुतळा छायाचित्रांतून जगभर पोहोचला. तिच्या नावातले व्याकरण मात्र फारसे कोणी उलगडून दाखवत नाही. न्-फ्-र् म्हणजे सुंदर, चांगले. त्यापुढचा त् स्त्रीलिंगाचा. मग ‘येणे’ हे क्रियापद आणि अखेरीस ‘ती’ हा प्रत्यय. येण्याची क्रिया पुरी झाली, तिचा परिणाम अजून टिकून आहे, असे हे रूप सांगते. शिवाय कर्ता स्त्रीलिंगी असल्याचेही सांगते. मराठी ‘आली आहे’ याहून वेगळे काय करते?

स्वर लिहिण्याची पद्धत नेफर्तीतीच्या या प्राचीन इजिप्शियन भाषेत नव्हती. म्-र् एवढे लिहिले तर प्रेम करणे, आजारी असणे, कालवा, पिरॅमिड यांपैकी काहीही असू शकते. घोटाळा टाळण्यासाठी लेखनिक शब्दाशेवटी अर्थ दाखवणारे चित्र काढी. आजारापुढे चिमणी येई, कारण ती वाईट आणि क्षुद्र गोष्टींची खूण होती. पिरॅमिडच्या शब्दापुढे पिरॅमिडच येई. ही चित्रे उच्चारायची नसत.

नामांची रूपे त्या मानाने सरळ आहेत. स्-न् भाऊ, स्-न्-त् बहीण. अनेकवचनाला तीन रेघा. द्विवचनही होते: ‘ता’ म्हणजे भूमी आणि ‘तावी’ म्हणजे दोन भूमी, अर्थात वरचा आणि खालचा इजिप्त. संस्कृतातले द्विवचन मराठीपर्यंत पोहोचले नाही. इजिप्शियनमध्येही काळाच्या ओघात तेच झाले.

खरी कसोटी क्रियापदात आहे. व्याकरणकारांनी नमुन्यासाठी ‘ऐकणे’ घेतले: स्-ज्-म्, गुराच्या कानाच्या चित्राने लिहिलेले. पुढे ‘फ्’ लावला की ‘तो ऐकतो’. पण ‘त्याने ऐकावे म्हणून’ किंवा ‘तो ऐकतो तेव्हा’ हेही अक्षरशः तसेच लिहिलेले सापडते. फरक बहुधा स्वरांत होता आणि स्वर तर कागदावर उतरलेच नाहीत. काही क्रियापदांत मात्र एक व्यंजन दुणावते आणि वेगळे रूप उघडे पडते. १९४४ साली हान्स याकोब पोलोत्स्की यांनी कॉप्टिकच्या आधारे दाखवले की अशा रूपांत वाक्याचा भर क्रियेवर नसून स्थळ, काळ किंवा रीत सांगणाऱ्या शब्दांवर असतो. ‘तो आला तो पुण्याहून’ असे आपण म्हणतो, तशी ही रचना. पुढच्या अभ्यासकांना त्यांची मांडणी काही ठिकाणी फार ताणलेली वाटली, पण मूळ निरीक्षण टिकले. माझ्या मते या भाषेच्या अभ्यासात शांपोलिआँने १८२२ साली केलेल्या चित्रलिपीच्या उलगड्यानंतर इतकी मोठी उडी दुसरी नाही.

दोघांच्याही हाती किल्ली एकच होती. कॉप्टिक म्हणजे याच भाषेची शेवटची अवस्था. ती ग्रीक अक्षरांत, थोड्या जुन्या चिन्हांची भर घालून, स्वरांसह लिहिली गेली. ‘नेफर’ हा अभ्यासकांनी सोयीसाठी मध्ये ‘ए’ घालून केलेला उच्चार. कॉप्टिकमध्ये त्याच शब्दाचे ‘नूफे’ झाले. भाऊ ‘सोन’, बहीण ‘सोने’: जुना त् गळला आणि भेद स्वरांवर आला. इजिप्तच्या कॉप्टिक चर्चच्या उपासनेत ही भाषा आजही ऐकू येते.

इजिप्शियन शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने चित्रांच्या कोष्टकावर थांबू नये. कॉप्टिकचे व्याकरण पहिल्या वर्षापासूनच सोबत ठेवावे.