श्रवणाचा खर्च आणि पालकांचे श्रम

जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला ऐकू येऊ लागणे आणि त्याला बोलता येऊ लागणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली शस्त्रक्रियेने साधते. दुसरी घरात घडवावी लागते. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी शासन आता लाखो रुपये खर्च करते, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि या खर्चाचा हिशेब पालकांचे श्रम वगळून मांडला जातो आणि म्हणूनच तो अपुरा आहे.

प्रथम या यंत्राचे स्वरूप पाहू. ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली मेलबर्न येथे असे यंत्र एका कर्णबधिर प्रौढाच्या कानात बसविले. कानामागे लावलेला भाग आवाज टिपून त्याचे विद्युत्संकेत करतो. ते त्वचेखालील ग्राहकामार्फत अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोचतात व श्रवणतंतूंना थेट चेतवितात. निसर्गाने जेथे सुमारे पंधरा हजार केशपेशी योजल्या आहेत, तेथे हे काम बारा ते बावीस विद्युत्-अग्रांवर भागवावे लागते. त्यामुळे आरंभी मुलाच्या कानी पडते ती भाषा नव्हे, केवळ आवाजांची गर्दी असते. त्या गर्दीला अर्थ प्राप्त करून द्यावयाचा आणि तोही मुदतीत! अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, साडेतीन वर्षांच्या आत यंत्र मिळालेल्या मुलांच्या मेंदूचा श्रवण-प्रतिसाद बहुधा समवयस्कांसारखा होतो. सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडते.

वाचा-उपचारतज्ज्ञाच्या वाट्याला मूल आठवड्यातून एखाद-दोन तास येते. लहान मूल आठवड्यात सुमारे ऐंशी तास जागे असते. उरलेले सारे तास घराचे. औरंगपुऱ्यातून आणलेली मेथीची जुडी निवडताना ‘पान’, ‘देठ’, ‘माती’ हे शब्द दहादा उच्चारावयाचे, तेही दूरदर्शन संच बंद करून आणि मुलाने ओठांकडे न पाहता ऐकावे अशा बेताने. झोप व स्नान सोडता यंत्र कानावरून उतरू द्यावयाचे नाही. विद्युतघट व वायर यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयाचे. हे वर्षानुवर्षे चालणारे शिक्षकाचेच काम होय, फक्त त्याला वेतन नाही.

केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ साली प्रतिबालक सहा लाख रुपयांची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची समन्वयक. शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांचाही योजनेत समावेश आहे. परंतु कन्नड वा सोयगाव तालुक्यातील मजूर मुलाला घेऊन दर आठवड्यास शहरात येतो, तेव्हा बसभाड्याबरोबर त्याचा दिवसाचा रोजही जातो. हा खर्च कोणत्याही खात्यात दिसत नाही. आणि मूल बोलू लागले नाही की दोष मात्र आईच्या माथी येतो.

आईच्याच का? कारण आपले नियमही तेच गृहीत धरतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांना मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा स्त्रियांना व एकल पित्यांना आहे. पत्नीसह नांदणाऱ्या पित्याला नाही. औरंगपुऱ्यात रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईला तर कसलीच रजा नाही. अर्थशास्त्रात ज्या श्रमाला किंमत नाही तो श्रम अमर्याद उपलब्ध आहे, असे मानण्याची चूक नेहमीच होते. येथे त्या चुकीची किंमत मूल मोजते.

उपाय अवघड नाहीत. जिल्हा परिषदांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून अशा पालकांचा प्रवासखर्च, बुडालेला रोज व यंत्राचे सुटे भाग यांची तरतूद व्हावी. तालुक्याच्या गावी ठरावीक दिवशी उपचारतज्ज्ञ उपलब्ध असावा आणि पालकांचे प्रशिक्षण शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू व्हावे. पित्यालाही रजेचा हक्क मिळावा. सहा लाखांच्या यंत्रामागे असा थोडा खर्च करणे हा दानधर्म नव्हे. आधी केलेला खर्च वाया जाऊ नये म्हणून घेतलेली ती साधी दक्षता आहे.