पिवळा बाण, निळा बाण

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागात आमची पायवाट थेट एका गव्हाच्या शेतात शिरली. मित्र थबकला, "अरे, मालक हाकलेल ना!"

नाही हाकलत. इंग्लंडमध्ये खासगी जमिनीतूनही सार्वजनिक वाटा जातात आणि त्यांवरून चालणं हा कायदेशीर हक्क आहे. वाट मात्र सोडायची नाही.

वाटेवरच्या खांबावरचा बाण बघा. पिवळा म्हणजे फक्त पायी. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. सायकलला ही मुभा १९६८च्या कायद्याने मिळाली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. (पावसानंतर निळ्या वाटांवर खुरांनी असा चिखल होतो की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते!)

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा, १:२५,००० वाला घ्या. शेतांच्या कडासुद्धा दिसतात.

वाटेतलं फाटक उघडं किंवा बंद, जसं असेल तसंच ठेवा.

कुणी जाणार असाल तर विचारा बिनधास्त.