युनिट स्वस्त झाले, आता भाव वेळेचा

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाची पहिली बोली झाली तेव्हा युनिटचा सरासरी दर १२ रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भादला सौर पार्कसाठी २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत दर १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत किंमत एक षष्ठांश झाली.

घसरण तिथे थांबली. जगभर पॅनेलच्या कच्च्या मालाचे भाव चढले, एप्रिल २०२२ पासून आयात मॉड्यूलवर (तयार पॅनेलवर) ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागले आणि दर पुन्हा अडीच रुपयांच्या आसपास स्थिरावले. तरीही उभारणी वाढतच गेली. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पवनक्षमतेने ५० हजारांचा टप्पा ओलांडला. जून २०२५ मध्ये एकूण ४ लाख ८५ हजार मेगावॉटपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली.

पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा जवळपास तीन चतुर्थांश होता. क्षमता निम्मी आणि वीज पाव, ही तफावत समजली की या धंद्याची पुढची दिशा समजते.

एका मेगावॉटचा हिशेब

एक मेगावॉटचा संच वर्षभर अखंड चालला तर ८७ लाख ६० हजार युनिट देईल. सौर प्रकल्प चांगल्या जागी असला तरी त्यातले साधारण २५ टक्केच, म्हणजे सुमारे २२ लाख युनिट हाती येतात. पवनचक्कीचे प्रमाण चांगल्या ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत जाते. मेगावॉटच्या घोषणा ऐकताना हा भागाकार मनात ठेवावा लागतो.

अडीच रुपये दराने २२ लाख युनिटचे वर्षाला ५५ लाख रुपये होतात. उभारणीला मेगावॉटमागे साडेचार कोटी रुपये लागले आणि त्यातले ७५ टक्के कर्ज असले, तर व्याजातल्या एका टक्क्याने सुरुवातीच्या वर्षांत सुमारे ३ लाख ४० हजारांचा फरक पडतो. युनिटमागे तो १५ पैसे होतो. उलट्या लिलावात बोली एकेका पैशाने खाली येत असते, त्यामुळे हे १५ पैसे निर्णायक ठरतात. इंधन फुकट आहे, खर्चाचा मोठा भाग पहिल्याच दिवशी होऊन जातो आणि करार २५ वर्षांचा असतो. अशा धंद्यात ज्याला स्वस्त भांडवल मिळते तोच टिकतो.

गेल्या काही वर्षांतली खरेदी-विक्री त्यामुळेच नवलाची वाटत नाही. २०२१ मध्ये अदानी ग्रीनने सॉफ्टबँकेचा एसबी एनर्जी हा भारतीय व्यवसाय सुमारे साडेतीन अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाला घेतला. २०२४ च्या नोव्हेंबरात एनटीपीसी ग्रीनने शेअर बाजारातून १० हजार कोटी उभे केले आणि पुढच्या वर्षी ओएनजीसीबरोबर अयाना ही कंपनी घेतली. जेएसडब्ल्यू एनर्जीने ओ२ पॉवरसाठी सुमारे साडेबारा हजार कोटींचा सौदा केला. लहान विकासकाने जमीन, जोडणी आणि करार मिळवायचे आणि मोठ्या तिजोरीने ते विकत घ्यायचे, अशी साखळी तयार झाली आहे.

घड्याळ पाहून दर

सूर्याची सगळी वीज एकाच वेळी येते, ही या धंद्याची मूळ अडचण. मे २०२५ मध्ये वीज एक्स्चेंजच्या रिअल टाइम बाजारात दुपारच्या काही काळात भाव शून्याच्या जवळ उतरला. त्याच बाजारात कमाल मर्यादा युनिटला १० रुपये आहे आणि टंचाईच्या संध्याकाळी भाव तिथवर चढतो. तार तीच, वीज तीच, फक्त तास वेगळा.

निविदांमध्ये हा फरक आधीच दिसू लागला होता. जानेवारी २०२० मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे सेकीने, कमाल मागणीच्या तासांसाठी वेगळा दर मागवला. ग्रीनकोची बोली इतर वेळी २ रुपये ८८ पैसे आणि कमाल मागणीच्या वेळी ६ रुपये १२ पैसे होती. मे महिन्यात रिन्यू पॉवरने ४०० मेगावॉट चोवीस तास पुरवण्याची निविदा पहिल्या वर्षी २ रुपये ९० पैशांनी जिंकली. पुढे १५ व्या वर्षापर्यंत दरसाल तीन टक्के वाढ ठरलेली होती. एकाच कंपनीने सौर, पवन आणि साठवण यांची मोट बांधून ठरल्या वेळी वीज द्यायची, हा प्रकार तेव्हा नवा होता. आता तोच रुळला आहे. पश्चिम भारतात पवनचक्क्या पावसाळ्यात जोर धरतात, नेमके सौर उत्पादन मंदावते तेव्हा. पण रोजच्या संध्याकाळचा प्रश्न साठवणुकीवाचून सुटत नाही.

बॅटरीचे गणित

साठवणुकीचे भाडे महिन्याला मेगावॉटमागे ठरते. सेकीच्या २०२२ मधल्या ५०० मेगावॉट, दोन तासांच्या बॅटरी निविदेत ते १० लाख ८३ हजार रुपये निघाले. मार्च २०२४ मध्ये गुजरातमध्ये ४ लाख ४९ हजारांची बोली आली. त्यानंतर वर्षभरात, केंद्राच्या अनुदानासह, आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला.

युनिटच्या भाषेत याचा अर्थ काय? दोन तासांची बॅटरी रोज एकदा भरली-रिकामी केली तर मेगावॉटमागे वर्षाला ७ लाख ३० हजार युनिट साठवून देते. २०२२ च्या भाड्याने साठवणुकीचा खर्च युनिटला जवळजवळ १८ रुपये पडत होता. सव्वादोन लाखांच्या भाड्याने तो ३ रुपये ७० पैशांवर येतो आणि दिवसातून दोनदा वापरली तर निम्मा होतो. यात बॅटरी भरण्याच्या विजेचा खर्च मिळवावा लागतो. शंभर युनिट भरले की ८५ च्या आसपास परत मिळतात, म्हणून अडीच रुपयांची दुपार संध्याकाळी वापरताना २ रुपये ९५ पैशांची होते. रोज एकाच फेरीचा हिशेब धरला तर एकूण सुमारे साडेसहा रुपये.

हा दर पूर्णपणे साठवलेल्या युनिटचा आहे. सगळी वीज साठवायची गरज नसते. डिसेंबर २०२४ मधली सेकीची निविदा २,००० मेगावॉट सौर क्षमतेबरोबर १,००० मेगावॉटची चार तासांची बॅटरी मागत होती. म्हणजे दिवसाच्या उत्पादनाचा साधारण तिसरा हिस्सा संध्याकाळी सरकवायचा. मिश्र दर आला ३ रुपये ५२ पैसे. निव्वळ सौरपेक्षा एक रुपया जास्त आणि त्या रुपयात वेळेची हमी.

गरज याहून कितीतरी मोठी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला ४११ गिगावॉट-तास साठवण लागेल, म्हणजे एका फेरीत ४१ कोटी युनिट. त्यात बॅटरीचा वाटा २३६ आणि उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा, म्हणजे पाणी उंचावर चढवून वीज साठवणाऱ्या प्रकल्पांचा, १७५. ग्रीनकोचा आंध्रातला पिन्नापुरम उदंचन प्रकल्प एकटा १,६८० मेगावॉटचा आहे.

अडलेले मेगावॉट

कच्छच्या खावड्यात ५३८ चौरस किलोमीटरवर ३० हजार मेगावॉटचा संकुल-प्रकल्प अदानी ग्रीन उभारते आहे. अशा जागांची अडचण त्यांच्या दूरपणात आहे. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. त्याची वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिनीला त्याहून जास्त काळ लागतो. राजस्थानात २०२५ मध्ये वाहिन्या अपुऱ्या पडल्याने तयार प्रकल्पांना दुपारी उत्पादन आवरावे लागले.

दुसरी अडचण ग्राहकाची. त्याच वर्षी ४० हजार मेगावॉटहून जास्त क्षमता अशी होती, जिची निविदा जिंकली गेली पण वितरण कंपन्यांनी वीजविक्री करार केले नव्हते. दर पुढे उतरतील या आशेवर त्या थांबतात. शिवाय नुसती दुपारची वीज त्यांना आता पुरेशी उपयोगी वाटत नाही. आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफीही जून २०२५ अखेर संपली आणि नव्या प्रकल्पांना ते दरवर्षी २५ टक्क्यांच्या पायरीने लागू होऊ लागले.

महाराष्ट्राचे दोन रस्ते

राज्यात या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी हात घातला गेला आहे. पहिला रस्ता वीज संध्याकाळकडे नेण्याचा. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने अदानी समूहाला ६,६०० मेगावॉटचे इरादापत्र दिले: ५,००० सौर, २ रुपये ७० पैसे दराने, आणि १,६०० औष्णिक. एकत्र दर ४ रुपये ८ पैसे. म्हणजे इथे संध्याकाळची जबाबदारी बॅटरीवर न टाकता कोळशावर टाकली आहे. याच रस्त्यावर सह्याद्रीची उंचीही आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून चालू आहे, आणि भिवपुरी येथे १,००० व शिरवटा येथे १,८०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याशी करार केला.

दुसरा रस्ता मागणीच दुपारकडे आणण्याचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये १६ हजार मेगावॉटचे छोटे प्रकल्प उपकेंद्रांजवळ उभारून शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची आहे. त्याचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आहे. शेतकऱ्याचे रात्रीचे जागरण वाचते, लांब वाहिनी लागत नाही आणि साठवणूकही लागत नाही. घरगुती ग्राहकांनाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत देण्याचे धोरण त्याच दिशेचे आहे. युनिटमागे साडेसहा रुपये मोजून दुपार साठवण्यापेक्षा जेवढे काम दुपारीच उरकता येईल तेवढे स्वस्त. मात्र दिवे, पंखे आणि स्वयंपाकघर सूर्याच्या वेळापत्रकाने चालत नाहीत, त्यामुळे पहिला रस्ता टाळता येणार नाही.

म्हणून यापुढे एखादी कंपनी अमुक हजार मेगावॉटची घोषणा करील, तेव्हा मेगावॉट हा त्या बातमीतला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा समजावा. त्यातली किती वीज सूर्यास्तानंतर मिळणार, किती क्षमतेचे करार झाले आणि वाहिनी कधी पूर्ण होणार, हे विचारावे. या तिन्हींची उत्तरे देणारा प्रकल्प साडेतीन रुपयांनाही स्वस्त ठरतो. एकाचेही देता न येणारा दोन रुपयांनाही महाग पडतो.